वाकायला शिकलेली पंडिता

आजचं वाचन: फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय २, वचनं १ ते ११



आजचा उतारा आपल्यापैकी बऱ्याच जणांचा पाठ असेल. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते पद धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. मी हा उतारा आमच्या बुधवारच्या प्रार्थना गटात दोनदा शिकवलाय. स्लाइड्स बनवून, मूळ ग्रीक शब्दांचे अर्थ सांगून. दोन्ही वेळा लोकांनी छान झालं म्हणून सांगितलं आणि मी खूश होऊन घरी गेलो.

आमच्या गटात एक मावशी यायच्या. आमच्याच सोसायटीत तीन घरी स्वयंपाकाचं काम करतात. दिवसभराचं काम आटोपून यायच्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. दिवाळीनंतर त्या यायच्या बंद झाल्या. कामाची वेळ बदलली असेल, असं मी धरून चाललो. गेल्या महिन्यात भाजीच्या गाडीपाशी भेटल्या तेव्हा सहज विचारलं, की मावशी, हल्ली दिसत नाही. त्यांनी तक्रारीचा सूर अजिबात न लावता सांगितलं, की दादा, तुम्ही फार हुशार आहात, चांगलंच सांगत असाल, पण मला काही कळत नाही आणि तिथे बसलं की मी किती अडाणी आहे तेवढंच कळतं.

खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार पश्चात्तापाचा नव्हता. मनात आलं, थोडा प्रयत्न केला असता तर कळलं असतं की. घरी येऊन लॅपटॉप उघडला, पुढच्या बुधवारची तयारी करायला बसलो आणि मग तो पहिला विचार परत आठवला. नम्रतेवर दोनदा शिकवणाऱ्या माणसाचा विचार होता तो! त्या रात्री तयारी काही झाली नाही. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली त्यांची साक्ष कपाटात होती, ती पुन्हा वाचायला घेतली. आज तुम्हाला त्यांच्याबद्दल सांगायचं आहे. केडगावचं मुक्ती मिशन आपल्याला माहीत असतं, पण मी यावेळी त्यांचं आयुष्य गर्व आणि नम्रता एवढ्याच बाजूने वाचलं.

विद्या होती, भाकरी नव्हती

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असं मानलं जायचं त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा विरोध सोसला. पुढे आईने रमाला शिकवलं. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि मग वर्षानुवर्षं फिरतच राहिलं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं आणि लोक जे देतील त्यावर राहायचं. परंपरेने अठरा हजार श्लोकांचं मानलं जाणारं भागवत रमाने लहान वयातच पाठ केलं होतं.

मग दुष्काळ आला. जवळचं होतं ते विकून संपलं. दक्षिणेतल्या एका डोंगराळ रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. म्हातारे वडील जलसमाधी घ्यायला निघाले होते. तेव्हा रमाबाईंचे भाऊ श्रीनिवास म्हणाले, की मी जातीचा सगळा अभिमान सोडतो, बाबांना पाठीवर घेऊन खालच्या गावात नेतो आणि मिळेल ते काम करतो. पण तोवर उशीर झाला होता. १८७४ साली वडील गेले. काही आठवड्यांतच आई गेली आणि पुढे थोरली बहीणही गेली. आई आजारी असताना तिने भाकरी मागितली. शेजारणीकडून भाकरीचा तुकडा मागून आणायला गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून लाजेने शब्द फुटेना.

यानंतर रमाबाई जे लिहितात ते वाचून मी थांबलो. त्या दुष्काळाला दोष देत बसत नाहीत. त्या म्हणतात, की आम्हाला भीक मागायला लाज वाटायची आणि अंगमेहनतीचं काम तर आम्ही शिकलोच नव्हतो. जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला, नाहीतर एखादं हातकाम शिकून आईवडिलांचे प्राण कदाचित वाचवता आले असते.

वडिलांवर रमाबाईंचं अतिशय प्रेम होतं. ते वाईट किंवा दुष्ट होते, असं त्या कुठेच सुचवत नाहीत. ते सज्जन, धर्मभीरू, काळाच्या पुढे पाहणारे गृहस्थ होते. तरी एका गोष्टीसाठी त्यांना खाली वाकता आलं नाही. गर्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छाती फुगवून चालणारा माणूस येतो. इथे गर्व एका उपाशी, भल्या घरात बसला होता आणि हे काम आपलं नव्हे एवढंच सांगत होता.

पंडिता ही पदवी

आईवडिलांच्या मागे बहीणभाऊ हजारो मैल पायी फिरले. पंजाबात थंडीच्या रात्री पांघरायला काही नव्हतं, म्हणून नदीकाठच्या वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ते झोपले. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. काही महिन्यांपूर्वी वाळूत झोपणारी मुलगी एकदम देशभर गाजली.

कलकत्त्यातच काही ख्रिस्ती लोकांनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिलं. रमाबाईंनी ते चाळून पाहिलं. भाषा त्यांना आवडली नाही. आपल्याला माहीत असलेल्या संस्कृत ग्रंथांपुढे ती काहीतरी वेगळीच वाटली आणि हे वाचण्यात वेळ फुकट जाईल असं त्यांनी ठरवलं. पुस्तक मात्र टाकून दिलं नाही. हा प्रसंग लक्षात ठेवा, आपण पुढे इथे परत येणार आहोत.

१८८० साली भाऊ वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, त्यामुळे नातेवाईक दुरावले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या सुरुवातीला पतीही कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर लहान मूल. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति लिहिलं आणि हंटर कमिशनपुढे स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली.

ज्यांनी त्यांना गर्विष्ठ म्हटलं

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सिस्टरांकडे राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी साथ दिली नाही. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या.

इथे गोष्ट जरा अवघड होते. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता होत्या, त्यांनीच रमाबाईंवर हट्टीपणाचा आणि गर्वाचा ठपका ठेवला. कारणं बरीच होती. रमाबाई मांस, अंडी खायच्या नाहीत. शिकवलेलं प्रत्येक मत तपासल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर बिशप मंडळींनी हरकत घेतली, तेव्हा एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आलेली मी लगेच दुसऱ्याचं जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. खाण्यापिण्याबद्दल तर त्यांनी लिहून टाकलं, की तुम्हाला माझ्या जेवणात गर्व सापडत असेल तर सापडो, पण मी आहे तशी हिंदी बाई आहे.

मग रमाबाई गर्विष्ठ होत्या का? मंडळीत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाला हा प्रश्न फार जवळचा आहे. आपल्याकडे मोठ्यांपुढे गप्प बसणाऱ्याला नम्र म्हणतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला गर्विष्ठ. मी स्वतः पाळकसाहेबांपुढे, ऑफिसात मॅनेजरपुढे अगदी नम्र असतो. आवाज खाली, मान खाली. पण ती नम्रता आहे की नुसती हुशारी, हे मला नेहमी सांगता येईल असं नाही.

रमाबाईंच्या बाबतीत उत्तर दुसरीकडे मिळतं. इंग्लंडमध्ये असतानाच त्या लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रमात गेल्या. ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकलं होतं अशा स्त्रियांची सेवा तिथे सिस्टर करत होत्या. प्रेमाने, किळस न करता. असं रमाबाईंनी पूर्वी कुठे पाहिलं नव्हतं. हे तुम्ही का करता असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. बिशपांच्या अधिकारापुढे न झुकलेली ही बाई त्या विहिरीवर बसलेल्या येशूपुढे झुकली. जो स्वतः दमला होता आणि जिच्याशी कोणी बोलत नसे अशा बाईकडे पाणी मागत होता, तोच भारतातल्या स्त्रियांना वर उचलू शकेल, हे त्यांना तिथे पटलं.

तरीही आत काहीतरी राहिलं होतं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, तिथे गावोगाव व्याख्यानं दिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. नाव, काम, पैसा, मान, सगळं होतं. आणि बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त स्वतः सापडलेला नाही. धर्मातलं सगळं समजलेल्या पंडितेने त्याच्यापुढे पापी म्हणून यायचं राहूनच गेलं होतं. मग त्या आल्या, रिकाम्या हातांनी. मित्रांनो, अशी एखादी संस्था चालवताना, जगभर नाव झालेलं असताना हे कबूल करायला काय लागत असेल, विचार करा.

केडगाव

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. तिथे रमाबाईंनी शेतजमीन घेतली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्यांना रानातले ते अकरा दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, आजारी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या. सुमारे ३०० मुली. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतल्या स्त्रिया-मुलींची संख्या २,००० च्या घरात गेली. त्यांत अंध होत्या, फसवल्या गेलेल्या होत्या, सगळ्या जातींच्या होत्या.

आणि तिथे काय शिकवलं जायचं? लिहिणं-वाचणं तर होतंच. त्यासोबत शेती, विणकाम, शिवणकाम, गुरं सांभाळणं, धुणं, स्वयंपाक, छपाई. प्रत्येकीच्या हातात एक काम. ज्या घरात हातकामाची लाज वाटली म्हणून माणसं गेली, त्या घरातली एकटी उरलेली मुलगी आता शेकडो मुलींना हातकाम शिकवत होती. गर्वाने काय केलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याबद्दल त्या हळहळत बसल्या नाहीत, वडिलांना दोषही देत बसल्या नाहीत. त्यांनी माग लावले, शेत नांगरलं, छापखाना आणला.

आता त्या संस्कृत बायबलकडे परत येऊ. मुक्तीतल्या साध्या बायकांना त्या वेळचं मराठी बायबल जड जातं, त्यातले संस्कृत शब्द डोक्यावरून जातात, हे रमाबाईंच्या लक्षात आलं. एकेकाळी भाषा पसंत पडली नाही म्हणून शास्त्र बाजूला ठेवणारी ही पंडिता. तिने काय करावं? पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. कशासाठी? गावच्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणता यावं म्हणून. आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं या कामात गेली. खिळे जुळवण्याचं, छापण्याचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं.

हे वाचताना मला माझ्या स्लाइड्स आठवल्या. ग्रीक त्यांनीही शिकलं आणि ग्रीक मीही वापरतो. त्यांनी ते मावशींसाठी शिकलं. मी ते मावशींसमोर वापरलं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

शेवटची वर्षं सोपी नव्हती. मुक्तीचं काम पुढे चालवेल अशी एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी. तरी रमाबाई भाषांतराचं काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्या प्रभूत निजल्या. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ साली. पूर्ण बांधलेलं पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. रिलीजच्या दिवशी ईमेलमध्ये आपलं नाव आलं नाही तर माझा आठवडा खराब जातो, म्हणून ही गोष्ट मी स्वतःसाठी इथे लिहून ठेवतोय.

आपल्यासाठी

फिलिप्पै मंडळीला पौल सांगतो, की ख्रिस्ताची जी वृत्ती तीच तुमची असो. ती वृत्ती कशी ओळखायची, याचं एक साधं मोजमाप मला रमाबाईंकडून मिळालं. आपल्यापेक्षा मोठ्या माणसापुढे आपण कसे वागतो, यावरून फारसं काही कळत नाही. तिथे भीती असते, फायदा असतो, सवय असते. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळणार नाही, त्याला आपल्याजवळ बसल्यावर कसं वाटतं, तिथे कळतं. येशूजवळ जकातदार, कोळी, लहान मुलं, विहिरीवरची ती बाई, सगळे निर्धास्त बसत. माझ्याजवळ मावशींना अडाणी वाटलं.

आणि गर्व आला की त्याची किंमत बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी भरतं. रमाबाईंच्या घरात ती म्हाताऱ्या आईवडिलांनी भरली. आमच्या गटात ती मावशींनी भरली. कित्येक महिने त्या वचनाशिवाय राहिल्या आणि मी मात्र छान झालं हे ऐकून घरी जात होतो.

मागच्या रविवारी उपासनेनंतर मी मावशींना भेटलो. माफी मागितली. त्या अवघडल्या, म्हणाल्या, की दादा, त्यात काय एवढं. मग मी विचारलं, की योहान चारमधली शोमरोनी बाई भर दुपारी एकटी पाण्याला का गेली असेल? त्यांना विचार करावा लागला नाही. गावी पाणवठ्यावर बाकीच्या बायकांची बोलणी टाळायला कोण कधी जातं, हे त्यांनी मला पाच मिनिटांत समजावून सांगितलं. मी हा अध्याय किती वेळा शिकवलाय! पण तिची ती दुपार मला त्या दिवशी कळली. या बुधवारी हीच गोष्ट गटाला सांगाल का, असं विचारलं. बघते म्हणाल्या. येतील की नाही ठाऊक नाही. स्लाइड्स मात्र मी बनवलेल्या नाहीत.

आज स्वतःला विचारू या

माझ्या घरात, ऑफिसात किंवा मंडळीत कोणाला माझ्याजवळ लहान वाटतं? हे काम माझं नव्हे, असं म्हणून मी कोणतं काम टाळतो? देवाने मला जे ज्ञान दिलं, ते मी कोणासाठी वापरतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू वर असून खाली आलास, आणि मी खाली असून वर चढायला बघतो. मला क्षमा कर. माझ्या बोलण्याने जे तुझ्यापासून दूर गेले, त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागायचं धैर्य मला दे. माझी विद्या, माझी नोकरी, माझी भाषा तुझ्या लहानांच्या कामी येऊ दे. रमाबाईंच्या आयुष्यासाठी आणि त्यांच्या हातून आमच्या मराठी भाषेला मिळालेल्या तुझ्या वचनासाठी तुझे उपकार मानतो. येशूच्या नावात मागतो, आमेन.